अकरा वेळा यंत्रणा

हसू पहिल्यांदा उठलं ते मागच्या बाकांवरून, आणि खोटं कशाला बोला, रमाकांत देवस्थळीला ते आवडलं. मानक नगरच्या रेल्वे संशोधन संस्थेत बावीस वर्षं गाड्यांच्या ब्रेकवर काम केलेला माणूस. आयुष्यात त्यानं कुणाला हसवलं असेल तर ते चुकून. समोर दीडशे पोरं, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची, दुपारचं जेवण पोटात, डोक्यावर रखडत फिरणारे पंखे, आणि त्यात पाहुण्याचं व्याख्यान. डुलक्या धरूनच चालायचं. शिवाय हिंदी पखवाडा. सप्टेंबर उजाडला की सरकारी कचेऱ्यांना हिंदीचा उमाळा येतो, तो यंदा सीतापूर रोडवरच्या या नव्या कॉलेजलाही आला होता, आणि प्राध्यापक हरिहर शुक्लांनी फोनवर बजावलं होतं, "देवस्थली साहब, टेक्निकल रहे, मगर शुद्ध हिंदी में रहे।" इतक्या वर्षांत लखनौला त्याच्या नावातला ळ जमला नव्हता, आणि त्याला लखनौची हिंदी जमली आहे असा त्याचा समज होता. फळ्यावर त्यानं इंजिन काढलं, डबे काढले, सगळ्यांच्या पोटाखालून जाणारी लांब नळी काढली आणि आपलं नेहमीचं आवडतं वाक्य टाकलं : गाडी थांबवायला जोर लागत नाही, जोर लागतो तो ब्रेक सुटलेला ठेवायला, नळी कुठेही फुटली तरी गाडी आपोआप थांबते. "यही इस यंत्रणा की ख़ूबी है," तो म्हणाला, आणि मागून खसखस आली. "यह यंत्रणा इंजन से शुरू होती है और आख़िरी डिब्बे तक पहुँचती है।" आता मधली बाकंही हलली. वा! त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. "हमारे यहाँ सौ इंजीनियर रात-दिन लगे हैं कि इस यंत्रणा को और असरदार बनाया जाए।" यावर पोरांनी बाकं बडवली. शुक्ल पहिल्या रांगेत बसून चष्मा पुसत होते. रमाकांतला वाटलं, आपण उगाच इतकी वर्षं गप्प राहिलो. आपल्याला बोलता येतं.

शेवटी आभार मानायला एक मुलगी उभी राहिली. कागदावरून वाचताना तिचा आवाज हसू दाबल्यानं कापत होता. "आदरणीय सर ने इतने कठिन विषय को सरल भाषा में समझाने की चेष्टा की।" रमाकांत मनातल्या मनात हसला. हा शब्द मात्र त्याच्या चांगल्या ओळखीचा. मिरजेहून इथे नोकरीला आला त्या पहिल्या वर्षी त्याच्या अहवालावर साहेबानं लिहिलं होतं, 'देवस्थली ने अच्छी चेष्टा की है', आणि हा दोन दिवस जेवला नव्हता. आपण घाम गाळून आकडे जमवले आणि हा म्हणतो चेष्टा केली! मग कुणीतरी सांगितलं की अरे बाबा, हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, मनापासून केलेला. तेव्हापासून महाराष्ट्रातून बदलून आलेल्या प्रत्येक घराला पहिल्या चहाबरोबर तो हा किस्सा वाढायचा. इकडे कुणी तुमची चेष्टा केली म्हणाला तर रागवायचं नाही बरं का, आभार मानायचे. दोन भाषांमधले असले सगळे खड्डे आपल्याला पाठ आहेत, अशी त्याची पक्की समजूत होती.

चहाच्या वेळी शुक्लांनी त्याला बाजूला घेतलं. लखनवी माणूस, सुई टोचायची तर आधी फुंकर घालणार. "बुरा मत मानिएगा, साहब। व्याख्यान तो लाजवाब था। बस, वह जो आप यंत्रणा-यंत्रणा कह रहे थे..." ते थांबले, समोशाची बशी पुढे केली. "हिंदी में यंत्रणा यातना को कहते हैं। तकलीफ़, घोर तकलीफ़। आप शायद तंत्र कहना चाहते थे। बच्चे हैं, हँस दिए।" रमाकांत म्हणाला, "अच्छा, अच्छा. हमारे यहाँ उसका मतलब सिस्टम।" "वही तो, वही तो!" शुक्ल मोकळे होऊन हसले. तोही हसला. म्हणजे पोरं ऐकत होती की शंभर इंजिनिअर रात्रंदिवस लोकांच्या यातना वाढवायला झटताहेत. आहेच तसं गमतीचं. मानक नगरला गेल्यावर सांगावं असं. त्यानं समोसा उचलला, आणि तो तोंडाशी नेता नेता त्याला एक बारीक आवाज ऐकू आला, आठ वर्षांपूर्वीचा, जेवणाच्या टेबलाच्या पलीकडून : अकरा वेळा आहे, बाबा. समोसा त्यानं परत बशीत ठेवला. शुक्लांना वाटलं, तिखट लागला.

त्यांनी गाडी देऊ केली होती. नको म्हणाला. कुणाशी बोलावं लागलं असतं. रस्त्यावर येऊन त्यानं चारबाग स्टेशनचा टेम्पो धरला, पाचजणांच्या जागेत सात, आणि त्याचा गुडघा कुणाच्या तरी पिठाच्या डब्याला टेकला. टेम्पोची धडधड सरळ दातांत येत होती. विकास नगरच्या वळणावर दोन बायका चढल्या, त्यांच्या पिशवीतल्या कोथिंबिरीचा वास त्याच्या नाकापाशी आला, आणि तो एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीत बसला होता. त्याची मुलगी चेतना तेव्हा आठवीत. तेरा वर्षांची, दोन वेण्या, उजव्या हाताच्या बोटावर मांजानं कापलेलं. शाळाशाळांची हिंदी वक्तृत्व स्पर्धा, विषय 'विज्ञान और हमारा जीवन'. तिला पतंगावर बोलायचं होतं. पतंग वर का चढतो, वारा त्याला ढकलतो तर तो मागे न जाता वर का जातो, हे तिनं गच्चीवर उभं राहून स्वतःच काढलं होतं, बरंचसं बरोबर. तिरपा धरला की वारा खाली वळतो, म्हणून पतंग वर जातो, असं ती हाताचा पंजा तिरपा करून दाखवत होती. आणि आपण काय म्हणालो? "पतंग काय गं, पतंग कुणीही सांगेल. तू ब्रेकवर बोल. कुणाच्या बापाला माहीत नसतं ते तुझ्या बापाला माहीत आहे." केवढा शहाणपणा! तिनं पंजा खाली घेतला. मग त्यानं फुलस्केपच्या चार कागदांवर भाषण लिहून काढलं, सुवाच्य अक्षरात, मराठीतून हिंदी करत, आणि तिच्यासमोर ठेवलं.

ते टेबल अजून आहे. चटका बसलेला गोल डाग अजून आहे. ती कागदावरून बोट फिरवत वाचत होती आणि मधेच म्हणाली, "बाबा, तू यंत्रणा लिहिलंयस. ते नको ना. हिंदीत ते वेगळं होतं."

"वेगळं म्हणजे?"

"म्हणजे... त्रास. खूप दुखल्यासारखं."

"कोण म्हणतं?"

"सगळे."

"सगळे म्हणजे कॉलनीतली पोरं. यंत्रावरून यंत्रणा. संस्कृत शब्द आहे, अख्ख्या देशात त्याचा अर्थ एकच. तू मला शिकवणार आता?"

तिनं ओठ मुडपला आणि पेन्सिलीनं बारीक बारीक टिंबं दिली. "अकरा वेळा आहे, बाबा."

"असू दे अकरा. पाठ कर."

आणि तिनं पाठ केलं. तीन दिवस आंघोळीला जाताना, वेणी घालताना, पोळीचा घास तोंडात असताना घरभर ते भाषण चाललं होतं. त्या शब्दापाशी तिचा आवाज किंचित अडखळायचा. त्यानं तो पाठांतराचा दोष म्हणून सुधारून घेतला होता. इथे थांबायचं नाही, ठणकावून म्हणायचं. ठणकावून! टेम्पोत बसल्या बसल्या रमाकांतच्या कानशिलांना घाम आला. शेजारचा म्हणाला, "तबीयत ठीक है, भाई साहब?" त्यानं मान हलवली.

स्पर्धेच्या दिवशी तो नव्हताच. मालगाडीची चाचणी होती. तो शेवटच्या गार्डाच्या डब्यात स्टॉपवॉच घेऊन बसला होता. पुढे, अर्ध्या मैलावर, ड्रायव्हरनं ब्रेक लावला की मागे दाबाचा काटा पडायला किती सेकंद लागतात, ते मोजायचं. हेच त्याचं बावीस वर्षांचं काम. ब्रेक लागतो पुढे, शेवटच्या डब्याला कळतं उशिरा, आणि तेवढ्या वेळात तो बेफिकीर धावत पुढच्यांना ढकलत असतो. त्या दिवशी आकडे छान आले होते. संध्याकाळी घरी आला तो खुशीत, बूट काढता काढता म्हणाला, "काय गं, कसं झालं?"

"ठीक था।"

"नंबर?"

"नहीं आया।"

"पाठांतर कच्चं असणार. त्या शब्दापाशी अडखळलीस ना?"

"नहीं," ती म्हणाली. "बिल्कुल नहीं अटकी।"

आता, आठ वर्षांनी, कैसरबागच्या गर्दीत टेम्पो अडकलेला असताना, त्याला ऐकू आलं की ती हिंदीत बोलली होती. त्या संध्याकाळी पहिल्यांदा. त्याआधी ती बाहेर हिंदी नि घरात मराठी बोलायची, दारातल्या पायपुसण्यावर भाषा बदलून आत यायची. त्यानंतर हळूहळू नुसतीच हिंदी. मराठी कळायची सगळी, उत्तर मात्र हिंदीत. कॉलनीतल्या सगळ्याच मुलांचं तसं होत होतं, मुलं मोठी होतात, यार-दोस्तांची भाषा घरात शिरते, म्हणून त्यानं कधी मनावर घेतलं नाही. पण त्यातून एक गेलं. मराठीत ती त्याला 'तू' म्हणायची. 'बाबा, तू लवकर ये. बाबा, तुला कळत नाही.' हिंदीत बापाला 'तू' कोण म्हणतं? तिथे 'आप'. बाबा, आप चाय लेंगे? बाबा, आपका फ़ोन है. त्याला उलट वाटलं होतं, पोरगी लखनवी रीत शिकली, आदबशीर झाली.

आणि मग अकरावीला तिनं सायन्स सोडलं. काय तमाशा केला होता त्यानं! इंजिनिअरची मुलगी, गणितात पंच्याऐंशी, आणि म्हणे आर्ट्स. बी.ए.ला हिंदी. घरात जाडजूड कोश आले. चारचौघांत तिचा विषय निघाला की रमाकांतला चेव यायचा. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत, प्रसादाच्या रांगेत, तो तिच्याच देखत सांगायचा, "आमच्या बेगमसाहेब पहिल्याच चढाला दमून गाडीतून उतरल्या. फिजिक्सला घाबरल्या. आता शब्द मोजत बसतात." लोक हसायचे. तीही हसायची, म्हणजे ओठ मुडपायची. हे एकदा नव्हे. हे पाच वर्षं. दर गणपतीला. दिल्लीला एका प्रकाशकाकडे तिला नोकरी लागली, शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकांचं हिंदी भाषांतर तपासायची, तेव्हाही तो म्हणाला होता, "म्हणजे दुसऱ्याच्या चुका काढायच्या, आणि तेही दुसऱ्याच्याच विषयात." सोमवारी ती निघणार होती. आज शनिवार.

सगळ्यात वाईट ते काल संध्याकाळचं. तो टेबलाशी बसून व्याख्यान लिहीत होता, त्याच टेबलाशी, आणि ती पाण्याचा ग्लास ठेवायला आली. थोडा वेळ खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. "बाबा, एक बार मैं देख लूँ?" त्यानं वर न बघता कागदावर हात ठेवला. "इंजिनिअरिंगचं आहे गं. तुला काय कळणार त्यातलं?" ती गेली. तिनं तो शब्द पाहिलाच असणार. मोठ्या अक्षरात शीर्षकच होतं, 'रेल ब्रेक की यंत्रणा'. ती दुसऱ्यांदा सांगायला आली होती, आणि त्यानं दुसऱ्यांदा तिला हाकललं. अरे, एवढं कसं कळलं नाही? काय डोकं होतं का खोकं? चारबागला उतरल्यावर हमाल, रिक्षावाले, हॉटेलांचे दलाल यांच्या गराड्यात तो बराच वेळ नुसता उभा राहिला. सोमवारी इथूनच तिची गाडी. त्याला भीती वाटली की तोपर्यंत आपण बोलणार नाही. आपण स्टेशनवर पाण्याची बाटली, तिकीट, सीट नंबर यांबद्दल बोलू आणि गाडी हलेल.

घरी त्याची बायको सुचित्रा मागच्या ओट्यावर दोडक्याच्या शिरा काढत बसली होती. "अय्या, लवकर आलात? चहा टाकू? सब्जीवाल्या भैयानं आज दोडकी काय कोवळी दिलीत बघा." तो तिच्याजवळ पाटावर बसला. तो पाटावर कधी बसत नसे, म्हणून तिचा हात थांबला.

"आठवीत चेतनाचं ते भाषण," तो म्हणाला. "तुला माहीत होतं?"

सुचित्रानं त्याच्याकडे पाहिलं आणि परत दोडक्याकडे. "आज कुठून आठवलं?"

"मी आज तो शब्द म्हणालो. दीडशे पोरांपुढे."

"अगं बाई." तिनं हातातलं दोडकं ताटात ठेवलं. मग म्हणाली, "ताप आला होता तिला त्या दिवशी. शाळेतून आली ती सरळ माझ्या कुशीत. पूर्ण हॉल खदाखदा हसत होता म्हणे. मॅडम खालून खुणा करत होत्या, तो शब्द गाळ, गाळ. नाही गाळला. अकराच्या अकरा वेळा म्हणून आली."

"पण का? गाळायचा ना! तिला तर माहीत होतं."

"मी पण हेच विचारलं." सुचित्रानं पदरानं हात पुसले. "तर म्हणाली, बाबानं लिहिलंय."

ओट्यावरून एक मुंगळा चालला होता. रमाकांत त्याच्याकडे बघत राहिला. बाबानं. तेव्हा ती अजून मराठीत होती.

"मला सांगितलं का नाहीस? आठ वर्षं?"

"तिनं शपथ घातली होती. बाबाला कळलं तर वाईट वाटेल, सांगू नको. तरी दोन-चारदा आलेच होते मी सांगायला. पण तुमचं आपलं सुरू व्हायचं, बेगमसाहेब नि फिजिक्सला घाबरल्या. मग माझ्या तोंडातून निघेना. आणि खरं सांगू? राग यायचा मला तुमचा. म्हटलं, बसू दे असंच."

त्याला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. आलं नाही. नुसती डोळ्यांपुढे ती उभी राहिली, निळा स्कर्ट, दोन वेण्या, मोठ्या हॉलमध्ये एकटी. आज तो हसण्यानं फुलला होता, कारण त्याला काही ठाऊक नव्हतं. तिला सगळं ठाऊक होतं. पहिल्यांदा शब्द आला, लोक हसले. आणि तिला माहीत होतं की अजून दहा यायचेत. एकेक करत ती त्यांच्यापर्यंत जात राहिली, न अडखळता, ठणकावून, बापानं सांगितल्याप्रमाणे. फिजिक्सला घाबरली म्हणे! पाचव्याला काय वाटलं असेल तिला? आठव्याला?

चेतना तिच्या खोलीत होल्डॉल बांधत होती. जमिनीवर चादर, उशी, सतरंजी, मधोमध तो जाडा कोश, गादीत गुंडाळून न्यायचा. एकवीस वर्षांची, केस कापलेले, चष्मा. दारात सावली पडली तशी मान वर न करता म्हणाली, "आ गए आप? कैसा रहा?"

"हसले सगळे."

तिचा हात पट्ट्यावर थांबला. मग तिनं वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काही नव्हतं. तेच त्याला सोसलं नाही. "कितनी बार बोला?"

"काय माहीत. मोजणारं कुणी नव्हतं."

ती हसली नाही. पट्टा ओढू लागली, तो तुटलेला निघाला, तशी कोपऱ्यातली सुतळी घेऊन आली. तो आत आला आणि तिच्यासमोर जमिनीवर बसला, गुडघे कडकडा वाजले.

"मला माहीत नव्हतं गं. खरंच नव्हतं."

"पता है, बाबा।"

"आईनं आत्ता सांगितलं. तू... तुला गाळता आला असता."

ती सुतळीचं टोक दातात धरून बसली होती. खाली कॉलनीत कुणीतरी स्कूटरला किका मारत होतं, चार, पाच, सहा. स्कूटर सुरू झाल्यावर तो म्हणाला, "आणि वर मी पाच वर्षं तुझी चेष्टा केली. चारचौघांत. तुझ्याच देखत चेष्टा केली मी तुझी."

चेतनानं सुतळी तोंडातून काढली. त्याच्याकडे नीट पाहिलं, चष्म्याच्या आतून, एखादं वाक्य तपासावं तसं.

"हाँ बाबा," ती म्हणाली. "चेष्टा तो की आपने।"

रमाकांत तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. कुठली? त्याला विचारावंसं वाटलं, कुठली गं चेष्टा, माझ्या मराठीतली की तुझ्या हिंदीतली? त्याच्या घरातला सगळ्यात जुना किस्सा तो, तिनं शंभरदा ऐकलेला. आणि शब्द तोलणं तर तिचा धंदा. तिला दोन्ही अर्थ येत होते. तिनं त्याला क्षमा केली होती की नुसता हिशेब बरोबर आहे म्हणून सांगितलं होतं, हे त्या चार शब्दांतून कळायला मार्ग नव्हता, आणि तिनं तो मुद्दामच ठेवला नसेल कशावरून? त्यानं वाट पाहिली. एकदा, फक्त एकदा 'तू' म्हणाली असती. रागानं म्हणाली असती तरी चाललं असतं.

"ज़रा उँगली रखिए यहाँ," ती म्हणाली.

त्यानं गाठीवर बोट ठेवलं. तिनं सुतळीचा दुसरा वेढा घातला, ओठ मुडपून जोरानं आवळला, त्याचं बोट आत सापडलं, आणि दुखलं तरी तो हलला नाही. तिनं आणखी एक गाठ मारली, वरचं टोक खोचलं, होल्डॉलवर थाप मारून पाहिली.

"हो गया, बाबा। अब छोड़ दीजिए।"

"सुटेल," तो म्हणाला, आणि बोट तिथेच ठेवून बसला.